‘खरा पुरुष’ आणि काही पक्के गैरसमज

एखाद्या घरात ‘ऑपरेशन झालं’ असं कुणी म्हणालं, की ते बाईचं झालं हे वेगळं सांगावं लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण होतं 0.3 टक्के. याच पाहणीत सुमारे 35 टक्के पुरुषांनी सांगितलं, की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे. कामाची ही वाटणी शरीररचनेने ठरवलेली नाही. तिच्या मुळाशी ‘खरा पुरुष’ कसा असतो याविषयीच्या समजुती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

‘नसबंदी केली की पुरुषात राम राहत नाही’

कमजोरी येते, जड काम होत नाही, बायकोला सुख देता येत नाही अशी भीती शेतमजुरापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मनात असते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. अंडकोशात तयार होणारं पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, त्या नळ्यांतून जातच नाही. ते थेट रक्तात मिसळतं आणि नंतरही मिसळत राहतं. त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढीमिशा, आवाज, ताकद यांतलं काही बदलत नाही. वीर्यसुद्धा पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो.

बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात. काम थोड्या मिनिटांत आटोपतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि काही दिवस सायकल व जड ओझं टाळायचं. एक गोष्ट मात्र विसरू नये. नसबंदीचा परिणाम त्याच दिवशी सुरू होत नाही. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. हे नीट न सांगितल्यामुळे काही घरांत दिवस राहतात आणि बाईच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो. डॉक्टरांनी आणि आरोग्यसेवकांनी ही एवढी माहिती तरी जोडप्याला बसवून द्यायलाच हवी.

बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते, म्हणून धोका अधिक. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरानंतर डझनाहून जास्त स्त्रिया दगावल्या. सोपी आणि कमी जोखमीची शस्त्रक्रिया नवऱ्याची असताना टेबलावर बायकोने झोपायचं, याला माझ्या मते अन्याय हाच शब्द आहे.

‘आपले पुरुष तयारच होत नाहीत’ हेही पूर्ण खरं नाही. केरळात एर्नाकुलमला 1971 च्या जुलैमध्ये भरलेल्या एकाच शिबिरात 60 हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. चित्र पालटलं ते आणीबाणीत. 1976-77 या एका वर्षात सुमारे 62 लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. कुठे सक्ती होती, कुठे पोलीस, कुठे नोकरीची धमकी. त्या जुलमाची दहशत घराघरांत बसली. पुढे सरकारांना पुरुषांना पुन्हा विचारण्याचं धाडस फारसं झालं नाही आणि बहुतेक कार्यक्रम निमूटपणे बायकांकडे वळला. पुरुषांच्या भीतीला हा इतिहास आहे, तो मान्य करूनच त्यांच्याशी बोलायला हवं.

मूल होत नसलं की आधी बाईची तपासणी, हाही ‘खऱ्या पुरुषा’विषयीच्या समजुतींचाच दुसरा भाग. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असतं. वीर्यतपासणी स्वस्त आणि सोपी आहे. तरीही बाईला वर्षानुवर्षं औषधं, उपास आणि नवस करावे लागतात आणि नवऱ्याची तपासणी सर्वांत शेवटी होते.

‘बायकी पुरुष ही हल्लीची थेरं’

असं म्हणणाऱ्यांनी मराठी रंगभूमीचा इतिहास पाहावा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (1888-1967), स्त्रीभूमिकांवर उभ्या महाराष्ट्राचे लाडके झाले. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू या त्यांच्या भूमिका. त्यांचं नेसणं, केशरचना, दागिने घरंदाज बायका उचलत. एका पुरुषाकडून बायका शालीन दिसणं शिकल्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) तारामती झालेले अण्णा साळुंके ‘लंकादहन’मध्ये (1917) राम आणि सीता दोन्ही झाले. प्रेक्षकांनी तेही मनापासून पाहिलं.

मात्र हा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. संगीत नाटकात साडी नेसणारा गंधर्व झाला, पण तमाशात तेच हावभाव करणारा ‘नाच्या’ म्हणून शिवीचा धनी झाला. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांत नाच्या अजरामर केला. ते प्रत्यक्षात संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरी पडद्यावरची ती छाप त्यांना आयुष्यभर चिकटली. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ (2010) हेच दुखणं मांडतो. त्यातला गुणा पिळदार शरीराचा, कुस्तीची रग असलेला मजूर आहे. कलेसाठी तो नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवतं. त्याच्या अंगातली ताकद कुठे गेलेली नसते. बदललेली असते ती बघणाऱ्यांची नजर, आणि त्या नजरेत जातीचा आणि पैशाचा वाटा मोठा असतो.

‘पुरुष मुळातच तापट, लेकरं सांभाळणं त्याच्या रक्तात नाही’

रक्ताचीच गोष्ट काढायची तर फिलिपिन्समधला एक अभ्यास बघण्यासारखा आहे. तिथल्या 624 तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनची काही वर्षांच्या अंतराने मोजणी झाली आणि 2011 मध्ये निष्कर्ष आले. जे दरम्यान बाप झाले त्यांची पातळी इतरांपेक्षा जास्त उतरली. त्यातही जे रोज तीन तास किंवा अधिक मुलांचं करत, त्यांच्यात ती सर्वांत कमी होती. म्हणजे लेकराला खेळवण्या-भरवण्यासाठी पुरुषाचं शरीरही स्वतःला जुळवून घेतं. त्यासाठी त्याने लेकराजवळ असायला मात्र हवं. पण घरातल्या कामातच तो फारसा दिसत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष 26.1 टक्केच निघाले. स्त्रिया 81.2 टक्के.

लोकप्रिय सिनेमा याच्या उलट शिकवण देत आला आहे. ‘मर्द’च्या (1985) नायकाला वेदनाच होत नव्हत्या. ‘कबीर सिंग’चा (2019) नायक मुलीला न विचारता तिच्यावर हक्क सांगतो, तिच्यावर हात उगारतो आणि शेवटी तीच त्याला मिळते. त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत तो होता. सिनेमा बघून उद्या कुणी बायकोला मारेल असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. प्रेक्षकांच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीला हा सिनेमा शाबासकी देतो, हा माझा आक्षेप आहे. वर सांगितलेल्या आरोग्य सर्वेक्षणात काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य मानणारे पुरुष 44 टक्के होते आणि स्त्रिया 45 टक्के. हे ओझं दोघांनीही वाहिलं आहे, त्यामुळे ते उतरवायलाही दोघं लागतील.

‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय?’

वारीत धिप्पाड शेतकरी एकमेकांना माऊली म्हणत पायांवर डोकं ठेवतात आणि कळस दिसला की घळाघळा रडतात. त्यांना कुणी नामर्द म्हणत नाही. पण घरी तोच माणूस कर्ज, आजार, अपमान यांबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण घरात त्याने खंबीर असायचं असतं.

देशात 2022 मध्ये नोंदल्या गेलेल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी जवळपास 72 टक्के पुरुषांच्या होत्या. एकूण नोंदींत चारांत एकाहून अधिक जण रोजंदारीवर काम करणारे होते. त्याच वर्षी 25 हजारांहून अधिक गृहिणींनीही जीव दिला, त्यामुळे दुःखाची तुलना करण्यात अर्थ नाही. आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसतं. पण मदत मागणं म्हणजे कमीपणा, ही शिकवण पुरुषाला दवाखान्याच्या दारापर्यंतही जाऊ देत नाही.

तुमच्या घरात किंवा मित्रांत कुणी असा गप्प झाला असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या, मध्ये उपदेश करू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक त्याला द्या. त्याचा हात धजत नसेल, तर फोन तुम्ही लावून द्या.