खाडीकांठचे रहिवासी

खाडीकांठच्या कांदळवनास सुंदर म्हणणारा मनुष्य विरळा. आमराईची सांवली, माडांच्या रांगा, पावसाळ्यांतील हिरवेगार डोंगर ह्यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. परंतु ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या काळ्या चिखलांत वेडींवांकडीं मुळें पसरून उभ्या असलेल्या तिवरांकडे, चिपींकडे आणि कांदळांकडे पाहून बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘पडीक जागा!’ विद्यार्थीमित्रहो, हा शब्द किती अन्यायाचा आहे हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कोणत्याही वनस्पतीची किंवा प्राण्याची योग्यता ठरवावयाची असेल, तर त्याचें रूप आपल्या डोळ्यांस कसें दिसतें हें न पाहतां, तो जेथें राहतो ती जागा त्याच्यापुढें कोणते प्रश्न मांडते व तो त्यांचीं उत्तरें कशीं देतो, हें पाहिलें पाहिजे. ह्या दृष्टीनें आपल्या कोंकणच्या खाडीइतकी कठोर परीक्षक दुसरी जागा क्वचितच सांपडेल.

प्रथम ह्या जागेचीच ओळख करून घेऊं. खाडींत पाणी दिवसांतून साधारणतः दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येऊन पाणी दूरवर पसरतें, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येऊन तें अलीकडेच थांबतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यांत खाडींत खारेपणा वाढतो, आणि पावसाळ्यांत नद्यांचे लोंढे आले म्हणजे तेंच पाणी जवळजवळ गोडें होतें. चिखलाचे कण इतके बारीक असतात, कीं त्यांच्यांतून हवा खेळूं शकत नाहीं. जो थोडा प्राणवायु पाण्याबरोबर आंत शिरतो, तोही पालापाचोळा कुजविणारे जंतु लागलीच संपवून टाकतात. त्याखालीं प्राणवायूवांचून जगणारे दुसरे जंतु आपलें काम करीत असतात व त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु निघतो. चिखलांतून कुजक्या अंड्यांसारखी घाण येते ती ह्या वायूची. सारांश, येथें राहूं इच्छिणाऱ्या झाडापुढें तीन प्रश्न उभे राहतात: मीठ असलेल्या पाण्यांतून तहान कशी भागवावी, हवा नसलेल्या मातींत मुळांनीं श्वास कसा घ्यावा, आणि रोज हलणाऱ्या पाण्यांत आपलें बीज कोठें व कसें रुजवावें.

पहिला प्रश्न मिठाचा. काकडीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें म्हणजे थोड्याच वेळांत ताटलींत पाणी सुटतें, हें तुम्हीं घरीं पाहिलेंच आहे. ज्या बाजूस क्षार अधिक त्या बाजूस पाणी ओढलें जातें, हा ह्यांतील नियम होय. आंब्याचें किंवा फणसाचें रोप खाडीच्या पाण्यांत लावलें तर त्याच्या मुळांची हीच गत होईल; सभोंवार पाणीच पाणी असूनही तें तहानेनें मरेल. कांदळानें ह्यावर जो उपाय योजला आहे तो गाळणीचा. त्याच्या मुळांची रचना अशी आहे, कीं पाणी आंत घेतांना बहुतांश क्षार बाहेरच अडविले जातात. तिवराचीही मुळें बरेंच मीठ अडवितात. परंतु जें आंत येतें त्यास बाहेर घालविण्याची सोय त्याच्या पानांवर असते. तेथील सूक्ष्म ग्रंथींतून खारट द्रव पाझरतो, आणि कोरड्या हवेंत तो वाळून पानावर मिठाचे कण चमकूं लागतात. ह्याशिवाय ह्या झाडांचीं पानें जाड व चिवट असतात. इतक्या सायासानें मिळविलेलें पाणी उन्हांत सहजासहजीं उडून जाऊं नये, हाच त्याचा उपयोग.

दुसरा प्रश्न श्वासाचा. झाडें पानांनीं श्वास घेतात एवढेंच आपण लक्षांत ठेवतों. पण मुळांसही प्राणवायु लागतो. शेतांतील भुसभुशीत मातींत तो त्यांस आयता मिळतो, खाडींत मिळत नाहीं. म्हणून तिवराचीं कांहीं मुळें उलट्या दिशेनें, म्हणजे आकाशाकडे वाढतात. झाडाभोंवतीं चिखलांतून पेन्सिलीसारखे वीतभर उंचीचे शेंकडों खुंट वर आलेले दिसतात, तीं हीं श्वसनमुळें. चिपीचीं अशींच मुळें अधिक जाड व शंकूच्या आकाराचीं असतात. कांदळाची रीत थोडी निराळी आहे. त्याच्या खोडापासून कमानीसारखीं मुळें सुटून चहूंकडे चिखलांत उतरतात. हीं मुळें मऊ भूमींत झाडास टेकू देतात व हवाही पुरवितात. अशा सर्व मुळांच्या सालीवर बारीक छिद्रें असतात. ओहोटी झाली कीं ह्या छिद्रांतून हवा आंत शिरते आणि आंतील पोकळ, स्पंजासारख्या भागांतून चिखलाखालच्या मुळांपर्यंत पोहोंचते. भरतींत हीं मुळें बुडालीं तरी सांठविलेल्या हवेवर कांहीं तास निभावतें. येथें एक गोष्ट विशेषेंकरून ध्यानांत ठेवावी: ह्या झाडाचें जीवित भरतीवर जितकें, तितकेंच ओहोटीवर अवलंबून आहे.

तिसरा प्रश्न संततीचा. वडा-पिंपळाचें बीज पांखरें नेतात, सांवरीचें वारा नेतो. कांदळाचें बीज मात्र आईच्या अंगावर असतांनाच रुजतें. फळांतून हिरवें, दांड्यासारखें अंकुर बाहेर येऊन लोंबूं लागतें आणि फूट-दीड फूट, कधीं त्याहूनही अधिक लांब होतें. ओहोटीच्या वेळीं तें गळालें तर केव्हां केव्हां जागच्या जागीं चिखलांत रुततें. भरतीच्या वेळीं गळालें तर पाण्यावर तरंगत दूर जातें, आणि तळाशीं चिखल लागला म्हणजे मुळें फोडून उभें राहतें. तिवराचें फळ लहान असलें तरी त्याच्याही आंत रोप आधींच तयार झालेलें असतें. खाऱ्या पाण्यांत कोंवळ्या बीजानें पहिल्यापासून झगडावें, त्यापेक्षां त्यानें आईजवळ कांहींसें बळ धरून मग घर सोडावें, अशी ही व्यवस्था आहे. वाचकांतील पालकवर्गास ती अपरिचित वाटणार नाहीं.

आतां प्राण्यांकडे वळूं. ओहोटी झाली म्हणजे इतर मासे पाण्याबरोबर मागें हटतात; निवटा मात्र चिखलावरच राहतो. मासा असून तो जमिनीवर कसा जगतो? कल्ल्यांच्या कोनाड्यांत तो थोडें पाणी धरून ठेवतो, आणि ओल्या कातडींतून व तोंडाच्या आंतील त्वचेंतून हवेंतला प्राणवायु घेतो. म्हणूनच त्यास अंग सदा ओलें राखावें लागतें, आणि तो मधून मधून डबक्यांत लोळण घेतो. छातीजवळच्या दोन परांचा तो हातांसारखा उपयोग करून पुढें सरकतो, व संकट आलें कीं शेपटीच्या फटकाऱ्यानें उडी मारतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर असल्यामुळें अंग पाण्यांत ठेवूनही त्यास बाहेरचें दिसतें. आणि ते कोरडे पडूं लागले म्हणजे क्षणभर खोबणींत ओढून तो ओले करून घेतो. एवढ्या सर्व खटाटोपाचें फळ असें, कीं जो चिखल इतर माशांनीं सोडला, त्यावरील खाद्य ह्यास मिळतें.

त्याचा शेजारी एका मोठ्या डेंग्याचा लहानसा खेकडा. नराचा एक डेंगा अंगाच्या मानानें अवाढव्य असतो. तो हालवून तो मादीस बोलावतो व प्रतिस्पर्ध्यास धमकावतो. जेवण्याचें काम धाकट्या डेंग्याकडे असतें. चिखल तोंडाशीं नेऊन त्यांतील सूक्ष्म अन्न तो वेंचून घेतो आणि उरलेल्या मातीच्या गोळ्या टाकून देतो. भरती येण्याच्या सुमारास बिळांत शिरून वरून चिखलाचें बूच बसवितो. असे खेकडे समुद्रापासून दूर, प्रयोगशाळेंत नेऊन ठेवले तरी कांहीं दिवस ते भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. म्हणजे खाडीचें घड्याळ त्यांच्या शरीरांतच बसलेलें आहे! शिवाय त्यांच्या बिळांवाटे चिखलांत हवा व पाणी खेळतें, आणि त्याचा लाभ झाडांच्या मुळांस होतो.

ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. चिखलांत न रुततां चालतां यावें म्हणून त्यांस उंच पाय व बोटांमध्यें पडदा आहे. मध्येंच वांकलेली चोंच ते उलटी धरून पाण्यांत घालतात, आणि जिभेच्या हालचालीनें पाणी आंतबाहेर करून चोंचीच्या कडेवरील बारीक दांत्यांनीं शेवाळ व किडे गाळून घेतात. कांदळ मीठ गाळतो, खेकडा माती गाळतो, रोहित पाणी गाळतो. प्रश्न निराळा, म्हणून गाळणीही निराळी.

एवढें वाचल्यावर कोणी विचारील, कीं झाडास व माशास हें सुचलें तरी कसें? त्यास उत्तर असें कीं, त्यांस कांहीं सुचलें नाहीं. १८५८ सालीं डार्विन व वॉलेस ह्या दोघां निसर्गशास्त्रज्ञांनीं जो सिद्धान्त जगापुढें ठेवला व ज्याचें सविस्तर विवरण डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें, त्याचें सार असें आहे. एकाच जातीच्या संततींत थोडाथोडा फरक असतो. ज्यांचा फरक त्या जागीं उपयोगी पडतो, ते अधिक संख्येनें जगतात व आपले गुण पुढच्या पिढीस देतात; बाकीचे मागें पडतात. लक्षावधि वर्षें ही निवड चालत राहिली, तिचें फळ आज आपण पाहतों. तेव्हां झाडानें इच्छा धरिली व मूळ वर आलें, असें म्हणणें शोभेचें असलें तरी शास्त्रास धरून नाहीं. आम्हीं वर ‘उपाय योजला’ असे शब्द वापरले आहेत, तेही ह्याच अर्थानें घ्यावे.

ह्यांतून एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. जें उत्तर एका जागेनें शिकविलें, तें त्याच जागेपुरतें खरें असतें. खाडीचा प्रवाह कोठें अडवून पाणी तुंबवून ठेवलें, तर तिवरांचीं श्वसनमुळें रात्रंदिवस बुडून राहतील आणि जें झाड शेंकडों भरत्यांस पुरून उरलें, तें गुदमरून मरेल. मातीचा, दगडांचा किंवा कचऱ्याचा भराव त्या खुंटांवर टाकला तरी परिणाम तोच. कुऱ्हाडीचा एक घावही न घालतां सारें वन मारतां येतें, आणि मारणारास आपण काय केलें ह्याची कल्पनाही नसते. त्या वनाबरोबर निवट्याचा चिखल जातो, खेकड्याचें बीळ जातें, आणि कोळंबी, बोय, जिताडा ह्यांचीं पिलें जेथें मोठ्या माशांच्या तोंडून वांचून वाढतात, तो मुळांचा आसराही जातो. मग कोळ्याच्या जाळ्यांत काय येणार? शेतकऱ्याचाही ह्यांत संबंध आहे. भातशेतीचें खाऱ्या पाण्यापासून रक्षण करण्यासाठीं कोंकणांत बांध घालतात. त्या बांधाबाहेर कांदळवनाचा पट्टा असला म्हणजे लाटांचा जोर मुळांतच मोडतो व माती धरून राहते.

सुदैवानें ही जाणीव आतां वाढूं लागली आहे. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ सालीं महाराष्ट्राच्या वनविभागांत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१८ सालच्या निकालांत उच्च न्यायालयानें कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असें ठरविलें. ठाण्याच्या खाडीच्या कांहीं भागास २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि २०२२ सालीं जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत तिचा समावेश झाला. परंतु न्यायालयाचा पहारा प्रत्येक खाडीच्या कांठीं उभा राहूं शकत नाहीं. तेथें राहणाऱ्यांचे डोळे उघडे असले, तरच कायद्यास हात-पाय फुटतात.

म्हणून विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें आहे, कीं पुढील सुटींत वडील मंडळींबरोबर, ओहोटीची वेळ विचारून घेऊन, खाडीकांठीं अवश्य जावें. चिखलांत न उतरतां बांधावरूनच पाहावें. तिवराच्या एका पानास हळूच जीभ लावावी व मीठ चाखावें. एका झाडाभोंवतीं किती श्वसनमुळें वर आलीं आहेत, तीं मोजण्याचा प्रयत्न करावा. बिळाच्या तोंडाशीं मातीच्या गोळ्या दिसल्या तर आवाज न करतां पांच मिनिटें उभें राहावें, म्हणजे घरधनी आपण होऊन बाहेर येईल. आणि कोणी त्या जागेस ‘पडीक’ म्हणूं लागला, तर तेथें कोण कोण राहतें, हें त्यास आदरपूर्वक सांगावें.