नोटीस कोणाच्या हाती पडली? – शेतकऱ्याच्या मोबाईलची राखण

शेतकऱ्याच्या मनात पिढ्यानपिढ्या एक भीती घर करून आहे. ती दुष्काळाची नव्हे की टोळधाडीची नव्हे. आपणास न कळता आपल्या उताऱ्यावर कोणी भलत्याचे नाव चढवील, ही ती भीती होय. प्रस्तुत लेखकाने उमेदीची सारी वर्षे महसूल खात्यात कारकुनी करण्यात घालविली, आणि कचेरीच्या दाराशी येणाऱ्या खातेदारांच्या तोंडून निरनिराळ्या शब्दांत हीच एक काळजी ऐकली. ही भीती ओळखूनच फेरफाराची रीत घालून दिलेली आहे. तलाठ्याने नोंद धरावी. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध दिसतो त्या प्रत्येकास नोटीस द्यावी व प्रत चावडीवर लावावी. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे. आणि मग अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून प्रमाणित करावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० चे सार थोडक्यात एवढेच आहे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि मध्ये धन्यास खबर, ह्या तीन गोष्टींवर आपल्या जमिनीची शाश्वती उभी आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, मोबाईल व इंटरनेट ह्यांच्या सुरक्षिततेविषयी वर्तमानपत्रांत रोज जे छापून येते ते पाहून आमचे पुष्कळ बंधू म्हणतात, 'हे शिकलेल्या पोरांचे काम. आपणास त्यात काय कळणार?' हा समज अगदी चुकीचा आहे. ज्यास फेरफाराची रीत कळते त्यास हा सारा विषय कळतो. तो कसा, हे ह्या लेखात दाखविण्याचे योजिले आहे. आणि त्याकरिता स्वतःच्या फजितीची हकीकतही सांगणे प्राप्त आहे.

प्रथम हे पाहू की, आपल्या मोबाईलमध्ये आज आहे तरी काय. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आणि बांधावर उभे राहून पिकाची नोंद करण्याचे काम खुद्द शेतकऱ्याकडे आले. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे सालीना ६,००० रुपये तीन हप्त्यांनी खात्यात जमा होतात. उसाचे बिल खात्यात, दुधाचा पगार खात्यात, आणि त्या खात्याची चावी मोबाईलमध्ये. पूर्वी ज्या वस्तू देवघरातल्या पेटीत कुलूपबंद असत, त्या आता सदऱ्याच्या खिशात घालून आपण श्रीरामपूरच्या बाजारात हिंडतो.

आता माझी हकीकत. गेल्या हिवाळ्यात गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक फाईल आली. नाव पीएम किसान, चित्र हिरव्या शेताचे, आणि खाली लिहिले होते की, 'हप्ता थांबला आहे, ताबडतोब माहिती भरा.' पाठविणारा माझ्या चांगल्या ओळखीचा, सरळ स्वभावाचा गृहस्थ. मी फाईल उघडली. तिने मोबाईलवर येणारे संदेश वाचण्याची परवानगी मागितली, ती दिली. आधार क्रमांक, खाते क्रमांक, कार्डावरचे आकडे मागितले, तेही भरले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत करणारा मी, हा अर्ज मात्र एकही रकाना रिकामा न ठेवता भरला! रात्री आठच्या सुमारास खात्यातून १८,००० रुपये गेल्याचा संदेश आला. पाहताक्षणी काय झाले ते समजले. परंतु घरात बोललो नाही. मुलगा पुण्यास नोकरीला असतो, त्यास फोन करावा तर तो काय म्हणेल? पत्नीस सांगावे तर उद्या गावभर होईल. बँक तर आता बंदच आहे, सकाळी पाहू, अशी मनाची समजूत घालून निजलो. सकाळी उठून पाहतो तो आणखी ३७,००० रुपये गेलेले. उसाच्या बिलाचे ते पैसे होते.

मागाहून कळले की, ती फाईल त्या गृहस्थाने पाठविलीच नव्हती. तोही माझ्यासारखाच आदल्या दिवशी फसला होता, आणि त्याच्या मोबाईलमध्ये शिरलेल्या ॲपने आपण होऊन ती साऱ्यांना धाडली होती.

हे घडले कसे ते आता फेरफाराच्या भाषेत पाहू. आपल्या खात्यातून रक्कम काढण्यापूर्वी बँक आपणास एक अंक पाठविते, त्यास ओटीपी म्हणतात. हा ओटीपी म्हणजे दुसरे काही नसून धन्यास बजावलेली नोटीस होय: 'तुमच्या खात्यात अशी अशी नोंद होत आहे, तुम्हास मान्य आहे काय?' ज्याच्या हाती ती नोटीस, त्याचा होकार तो धन्याचा होकार, असे बँकेचे यंत्र समजते. मी संदेश वाचण्याची जी परवानगी दिली, तिचा अर्थ इतकाच झाला की, माझ्या दारात मी चोराला बसविले आणि सांगितले की, माझ्या नावाची नोटीस आली तर तूच घे व तूच पोच दे. कुलूप फुटले नाही, भिंत फोडली नाही. फक्त नोटीस भलत्याच्या हाती पडली. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात ती ॲप बसविणारी फाईल असते. सरकारी योजनेचे ॲप असे व्हॉट्सॲपवरून हातोहात येत नाही, एवढे लक्षात ठेवले असते तरी पुरे होते.

ही चूक खेड्यातल्या माणसाचीच होते असे मात्र कोणी समजू नये. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम तीन दिवसांत गेली. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेस विचारते, ह्या खात्यात शिल्लक आहे काय? चोरांनी मधल्या वाटेवर आपले एक खोटे यंत्र उभे केले. ते ही विचारणा मूळ खतावणीपर्यंत जाऊच देईना, परस्पर 'होय, पैसे द्या' असे उत्तर देई. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतून, आणि आपल्या कोल्हापुरातूनही, बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ तारखेस सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले. बँकेची गोष्ट मोठी आणि माझी लहान. परंतु वर्म एकच. मूळ दप्तराशी ताळा न पाहता मधल्याच कोणी होकार भरला, आणि तो खरा मानला गेला.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. अंगठा म्हणजे माणसाची न फिरणारी खूण, असे आपण मानीत आलो. ते खरे, पण ती गुप्त खूण नव्हे. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र ह्यांवर आपण आयुष्यात किती वेळा अंगठा उमटवितो! २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले की, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यांचे नकली ठसे तयार केले गेले व त्यांवर मोबाईलची सिमकार्डे चालू करण्यात आली. पुढे आधार व अंगठा ह्यांवर पैसे देण्याच्या सोयीतही अशा नकली ठशांनी रकमा उचलल्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी झाले. २०२३ साली आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे पडताळण्याची अधिक कडक रीत आणली, हे चांगलेच झाले. तथापि कुलूप बिघडले तर बदलता येते, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर अथवा एम-आधार ॲपमध्ये आपले ठसे 'लॉक' करून ठेवण्याची जी सोय आहे तिचा उपयोग अवश्य करावा. काम पडेल तेव्हा ते उघडता येतात.

हे वाचून कोणी म्हणेल, 'मग जुने कागदच बरे होते.' तसेही नाही. कागदावर खाडाखोड होते, कागद वाळवी खाते, आणि खोटे अंगठे कागदावरही उठलेले आम्ही पाहिले आहेत. उलट पूर्वी चावडीवर लागलेली नोटीस नोकरीनिमित्त परगावी असलेल्या खातेदारास कधीच दिसत नसे. आज 'आपली चावडी' ह्या सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही गावच्या फेरफाराची नोटीस घरबसल्या पाहता येते. ही सोय फुकट आहे, परंतु महिन्यातून एकदा तरी तेथे आपल्या गावाचे पान उघडून पाहणारे किती निघतील?

मात्र सारा भार यंत्रावरच टाकणे शहाणपणाचे नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी व ग्रामीण बँकांस यंत्रसेवा पुरविणाऱ्या सी-एज ह्या कंपनीवर खंडणी मागणाऱ्या चोरांचा हल्ला झाला. लाळ-खुरकूत झालेले जनावर गोठ्यातून अलग बांधावे, त्याप्रमाणे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या कंपनीचा संबंध तोडला, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे मोबाईलवरील व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते सुरळीत झाले. पण त्या दिवशी ज्याच्या घरी दवाखान्यापुरते रोख पैसे नव्हते त्यास तो दिवस फार मोठा वाटला असेल. म्हणून थोडी रोकड, छापलेले पासबुक आणि सातबारा व आठ-अ ह्यांची ताजी प्रत घरी असावी. १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आमच्या हरेगाव-टिळकनगरकडील खंडकऱ्यांच्या वारसांस विचारा; आजोबांच्या नावाच्या एका जीर्ण उताऱ्याची किंमत ते सांगतील.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने सहकारी बँकांसाठी नियम घालून दिला. त्याचा आशय असा: दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर ग्राहकावर तोशीस नाही. दोष ग्राहकाच्या हलगर्जीपणाचा असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. माझे १८,००० रुपये माझ्या अविचाराने गेले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ३७,००० गेले ते लाजेपायी. त्याच रात्री बँकेच्या तक्रार क्रमांकावर आणि सरकारच्या १९३० ह्या क्रमांकावर फोन केला असता, तर तो भार माझ्यावर राहता ना. हरकतीची मुदत एक दिवसाने चुकली म्हणून हळहळत परत जाणारे खातेदार मी आयुष्यभर पाहिले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मुदत माझीच चुकली.

तेव्हा बंधूंनी इतके करावे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल, मग ती सख्ख्या भावाच्या नावाने आलेली असो, उघडू नये. प्रथम त्यास फोन करून विचारावे. ओटीपी कोणासही सांगू नये, आणि संदेश वाचण्याची परवानगी अनोळखी ॲपला देऊ नये. उसाचे बिल ज्या खात्यात येते ते खाते मोबाईलला न जोडता, रोजच्या देवघेवीस थोड्या रकमेचे वेगळे खाते ठेवावे. फसगत झालीच तर मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस व १९३० वर कळवावे, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

आणि फसलेल्या माणसास हसू नये. माझी हकीकत मी सोसायटीच्या सभेत सांगितली तेव्हा सभा संपल्यावर तिघे जण एकेकटे माझ्यामागे आले, व आपलेही असेच झाल्याचे हळूच सांगून गेले. त्यांपैकी दोघांनी तोवर कोठेही तक्रार दिली नव्हती. पुढच्या सभेत नेहमीच्या विषयांबरोबर हाही विषय घ्यावा, आणि ज्यांचे असे काही झाले असेल त्यांनी ते चारचौघांत मोकळेपणी सांगावे, अशी सभासदांस विनंती आहे.