अपरिचित नगरातील प्रवासी : चेन्नईचे उदाहरण

प्रवासाची पूर्वतयारी परदेशगमनासाठीच करावी लागते, अशी एक समजूत आहे. भारतासारख्या विस्तीर्ण देशात मात्र दोन-तीन राज्यांच्या सीमा ओलांडल्या की भाषा, लिपी, ऋतुमान, आहार आणि दिनक्रम ही सारीच बदलतात. मुंबईहून पुणे, सोलापूर, रायचूर, गुंटकल आणि रेणीगुंटा या मार्गाने सुमारे १,२८० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून चेन्नईला उतरणाऱ्या मराठी माणसाला पारपत्राची गरज नसते. परंतु दुकानावरील पाटी, रिक्षावाल्याचे बोलणे आणि बसवरील गावाचे नाव यांपुढे त्याची अवस्था एखाद्या विदेशी पाहुण्यासारखीच होते.

चेन्नईला जाणारे सर्वच जण पर्यटक नसतात. अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ साली सुरू झाली. नेत्रोपचारांसाठी विख्यात असलेले शंकर नेत्रालय १९७८ साली, तर ग्रीम्स रोडवरील अपोलो रुग्णालय १९८३ साली सुरू झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला जाणारे अनेक रुग्णही चेन्नईत गाडी बदलून सुमारे १३० किलोमीटरवरील काटपाडी स्थानक गाठतात. अशा प्रवाशाजवळ पैसा मोजका असतो, सोबत आजारी माणूस असतो आणि तपासणीची वेळ आधीच ठरलेली असते. सहलीला आलेल्या माणसाची चूक त्याचा एखादा दिवस वाया घालविते. रुग्णाच्या नातलगाने तीच चूक केली, तर महिनाभराची प्रतीक्षा व्यर्थ जाते. म्हणून पुढील विवेचनात अशा प्रवाशाचा विचार प्रामुख्याने केला आहे.

परमुलखात औषधाची सोय आधी पाहावी, हे शहाणपण जुनेच आहे. कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना, मे १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधील इंग्रजांकडे काही बलवर्धक औषधे आणि विषावरील उतारे मागविले व त्यांची किंमत देण्याची तयारी दर्शविली, अशी नोंद आहे. १८५९ साली लंडनच्या मरे या प्रकाशनसंस्थेने मद्रास आणि मुंबई इलाख्यांसाठी प्रवासी-मार्गदर्शिका काढली. तिच्यातही मार्गांच्या माहितीबरोबर देशी भाषांतील उपयुक्त शब्द दिलेले होते. आजच्या प्रवाशाच्या गरजा मुळात याहून फारशा वेगळ्या नाहीत.

ऋतू आणि वेळ

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. त्या काळात चेन्नईत मुख्यतः उकाडा असून अधूनमधून सायंकाळी सरी येतात. तेथील खरा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो. वर्षभरात पडणाऱ्या सुमारे १४० सेंटिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ती छत्रीदेखील बरोबर घेत नाहीत. बंगालच्या उपसागरातील वादळांचाही हाच काळ असतो. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टीमुळे अड्यार नदीला महापूर आला, विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि अनेक गाड्या रद्द झाल्या. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग वादळातही शहराचे व्यवहार ठप्प झाले होते. या तीन महिन्यांत रुग्णालयाची वेळ घेतली असेल, तर किमान एक दिवस आधी पोहोचावे आणि परतीच्या तारखेतही थोडी सवड ठेवावी. औषधांचा साठा चार-पाच दिवस अधिक पुरेल इतका असावा. प्रवास पुढे ढकलता येत असेल, तर जानेवारी व फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखावह होत. मे महिन्यातील उष्मा अशक्त माणसाला सोसत नाही.

सर्व देशात घड्याळ एकच असले, तरी चेन्नई मुंबईच्या पूर्वेस सात रेखांशांहून अधिक अंतरावर आहे. त्यामुळे तेथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधी. नोव्हेंबरात सहा वाजण्यापूर्वीच अंधार पडतो. दिशांचीही उलटापालट होते. मुंबईच्या वा कोकणच्या माणसाच्या मनात समुद्र म्हणजे पश्चिम हे समीकरण पक्के असते. चेन्नईत समुद्र पूर्वेला आहे. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तरी नकाशा वाचताना होणारा निम्मा गोंधळ टळतो.

स्थानक आणि पत्ता

शहरात सेंट्रल आणि एग्मोर ही दोन मोठी स्थानके आहेत. पहिल्याचे नाव २०१९ साली पुरट्चि तलैवर डॉ. एम. जी. रामचंद्रन यांच्या नावाने बदलण्यात आले. उत्तर व पश्चिम भारतातील गाड्या सेंट्रलला आणि दक्षिणेकडील गाड्या एग्मोरहून, अशी जुनी विभागणी आहे. पण तिला अपवाद आहेत. म्हणून तिकिटावर कोणत्या स्थानकाचे नाव आहे हे नीट पाहावे. दोन्ही स्थानके परस्परांपासून दोन-अडीच किलोमीटरवर असून मेट्रोने जोडलेली आहेत. ही मेट्रो २०१५ साली सुरू झाली आणि ती विमानतळापर्यंत जाते. तिच्या पाट्या इंग्रजीतही असतात व भाडे निश्चित असते, म्हणून नवख्याला ती सर्वांत सोयीची. रिक्षा केल्यास बसण्यापूर्वीच भाडे ठरवून घ्यावे. तंजावूर, मदुराई इत्यादी दक्षिणेकडील गावांच्या बहुतेक सरकारी बसगाड्या डिसेंबर २०२३ पासून शहराच्या दक्षिण सीमेवरील किलांबाक्कम येथून सुटू लागल्या. जुन्या माहितीवर विसंबून कोयंबेडूला जाणाऱ्याची गाडी चुकण्याचा संभव असतो.

पत्त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम सांगावयास हव्यात. पहिली, अनेक घरांना जुना आणि नवा असे दोन क्रमांक असतात. ते दोन्ही लिहून घ्यावेत. दुसरी, रस्त्यांची दोन नावे वापरात आहेत. अण्णा सालै या रस्त्याला पुष्कळ लोक अजून माउंट रोडच म्हणतात, तर पेरियार ई. व्ही. आर. सालै म्हणजे पूर्वीचा पूनमल्ली हाय रोड. ‘सालै’ म्हणजे मोठा रस्ता आणि ‘तेरु’ म्हणजे गल्ली, हे माहीत असल्यास बरेच काम भागते. त्याचबरोबर पत्ता तमिळ लिपीत कोणाकडून तरी लिहून घेऊन तो कागद रुग्ण व सोबती या दोघांच्याही खिशात ठेवावा.

भाषा आणि नाव

तमिळनाडूत हिंदी सर्वांना समजेल, असे गृहीत धरू नये. १९३७ आणि १९६५ साली तेथे हिंदीच्या सक्तीविरुद्ध मोठी आंदोलने झाली, आणि १९६८ पासून सरकारी शाळांत तमिळ व इंग्रजी याच दोन भाषा शिकविल्या जातात. साहजिकच ज्या पिढ्यांनी हिंदी शिकलीच नाही, त्यांच्याकडून त्या भाषेत उत्तराची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. मोडके का होईना, इंग्रजी वापरावे आणि त्याला दहा-बारा तमिळ शब्दांची जोड द्यावी : वणक्कम् (नमस्कार), तण्णीर (पाणी), पाल (दूध), मोर (ताक), एंगे (कोठे), एव्वळवु (केवढ्याला), वेणुम् (हवे), वेण्डाम् (नको), वलि (वेदना). अनोळखी माणसाला ‘अण्णा’ आणि स्त्रीला ‘अक्का’ किंवा ‘अम्मा’ म्हणून हाक मारावी. हे शब्द मराठी घरांतही परिचित आहेत. ‘ळ’ हा वर्णही दोन्ही भाषांत समान असल्यामुळे मराठी माणसाचा उच्चार तेथे फारसा परका वाटत नाही.

लिपीमुळे होणारा एक घोटाळा मात्र गंभीर ठरू शकतो. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. शिवाय तेथे आडनावाची प्रथा सर्वसाधारण नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून स्वतःचे नाव लिहिले जाते. मराठी माणूस कधी आडनाव आधी लिहितो, तर कधी शेवटी. परिणामी एकाच रुग्णाचे नाव तिकिटावर एक, ओळखपत्रावर दुसरे आणि तपासणीच्या अहवालावर तिसरे, असे होऊ शकते. निघण्यापूर्वी सर्व कागदांवरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि क्रम एकसारखा आहे की नाही हे पडताळावे. रुग्णालयात पहिल्या नोंदणीच्या वेळी ओळखपत्रावरून नाव उतरवून घेण्याचा आग्रह धरावा आणि मिळालेला नोंदणी क्रमांक वेगळा लिहून ठेवावा. मूळ अहवालांबरोबर त्यांच्या प्रतीही असाव्यात, आणि त्या वेगळ्या पिशवीत असाव्यात.

आहार आणि सावधगिरी

सकाळी व सायंकाळी टिफिन, म्हणजे इडली, डोसा, पोंगल इत्यादी, आणि दुपारी केळीच्या पानावर भात, असा तेथील उपाहारगृहांचा क्रम असतो. दुपारी डोसा मागणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी नकार मिळतो. पोळी-भाकरीची सवय असलेल्या आजारी माणसास आरंभी दहीभात व रसम्‌भात पचावयास बरा पडतो. ‘मिलिटरी हॉटेल’ अशी पाटी असल्यास तेथे सामिष जेवण मिळते, हे शाकाहारी प्रवाशाने ध्यानात ठेवावे. पाणी उकळलेले किंवा सीलबंद प्यावे.

मैलापूरचे कपालीश्वर किंवा तिरुवल्लिक्केणीचे पार्थसारथी या मंदिरांत जावयाचे असल्यास सकाळी वा सायंकाळी जावे; दुपारी ती साधारणतः चार वाजेपर्यंत बंद असतात. मरीना किनारा फिरण्यास रम्य आहे. परंतु तेथील पाण्याची ओढ अत्यंत धोकादायक असल्यामुळे समुद्रस्नानास मनाई आहे. शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरलेले कित्येक तरुण तेथे प्राणांस मुकले आहेत. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्राप्रमाणेच तमिळनाडूतही १०८ हाच क्रमांक आहे.

अपरिचित स्थळाविषयी वाटणारे भय बव्हंशी लहानलहान गोष्टींच्या अज्ञानातून निर्माण होते. आपले कागद, आपला पत्ता आणि ऋतूचे भान या तीन गोष्टी ज्याने घरीच नीट केल्या, त्याला उरलेली मदत मागण्यास संकोच वाटत नाही. आणि ‘अण्णा’ अशी हाक ऐकून थांबणारा माणूस चेन्नईच्या कोणत्याही रस्त्यावर भेटतो.