दुधाकडे लक्ष ठेव!

माझा एक आतेभाऊ दारूपायी नोकरी घालवून बसला, घरातून उठला आणि एका रविवारी मला म्हणाला, "दादा, तू चल बरोबर. एकट्यानं पायरी चढवत नाही." अल्कोहोलिक्स अनॉनिमसची ती खुली सभा होती, तिथे बाहेरच्यालाही बसता येते. शाळेचा वर्ग, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली वीसेक मोठी माणसे.

आम्हां मास्तर मंडळींना सवय, त्यामुळे मी वक्ता शोधू लागलो. पण वक्ता नव्हताच. सभा चालवणारा तोही रोगीच. एकजण आपल्याच फजितीचे किस्से सांगून हसवीत होता. एक वृद्ध गृहस्थ गप्पच होते. नवा माणूस दिसला की उठून त्याच्या शेजारी जाऊन बसत. अशांना तिथे 'स्पॉन्सर' म्हणतात. म्हणजे रात्री दोनला तलफ आली तर ज्याला हक्काने उठवावे असा माणूस.

ही रीत 1935 सालची. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन दारू सोडून काही महिनेच झालेला. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्यात हात पोळले आणि हॉटेलातला बार खुणावू लागला. त्याने टेलिफोन उचलला आणि शोध चालवला तो कुणाचा? वैद्याचा नव्हे, दुसऱ्या दारुड्याचा! सापडले ते डॉ. बॉब स्मिथ, स्वतः सर्जन. पाव तासाच्या बोलीने आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. 10 जून 1935 हा त्यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस संस्थेचा स्थापनादिन मानतात. पण विल्सन उपकार करायला गेलाच नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. पुण्यात 1986 साली अनिता व अनिल अवचटांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही दारूतून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली आहेत.

आतेभाऊ तीन महिने टिकला, मग घसरला. आता त्याला काढून टाकणार, असे मी धरून चाललो. तर ते वृद्ध गृहस्थच घरी आले. "पुढल्या रविवारपासून चहा तुझ्याकडे. अर्धा तास आधी ये, दूध विसरू नकोस." मला संतापच आला. इथे माणूस जगतो की मरतो, आणि यांना दूध सुचते! पण वीस जणांचा चहा खोळंबेल, एवढ्याच धाकाने तो गेला. पुढल्याही रविवारी गेला.

परवा पुन्हा गेलो होतो. दाराशी एक पोरगा चपला काढू की नको अशा विचारात उभा. भावाने शेगडी बारीक केली आणि त्याच्याकडे जाता जाता मला म्हणाला, "दादा, जरा दुधाकडे लक्ष ठेव."