जुन्या एसयूव्हीची मागची चाके फिरतात, पण ओढतात का?

ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांपर्यंत पोचवणारी यंत्रणा, जुन्या एसयूव्हीत बहुधा गाजावाजा न करता बिघडते. पुढची चाके गाडी ओढत राहतात, मागची नुसती घरंगळत येतात आणि डांबरी रस्त्यावर मालकाला काहीच वेगळे जाणवत नाही. बिघाड उघडा पडतो तो पावसाळ्यात, चिखलाच्या चढावर, पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली की. तोवर यंत्रणा बंद पडून वर्ष उलटलेले असू शकते.

दुरुस्तीकडे वळण्याआधी आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे, हे माहीत हवे. जिप्सी, थार यांसारख्या गाड्यांत फोर व्हील ड्राइव्हचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर तो ताण थेट गिअरांवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर दांडा टाकून गाडी चालवायची नसते. दुसरा प्रकार लँड क्रूझर प्राडोसारख्या गाड्यांचा: मध्ये एक डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जोडणी, असते आणि चारही चाकांना सतत ताकद मिळते. तिसरा प्रकार शहरी एसयूव्हींचा. होंडा सीआर-व्ही, २०११ मध्ये आलेली महिंद्रा एक्सयूव्ही ५००, स्कोडा येती, २०१४ मध्ये भारतात आलेली डस्टर एडब्ल्यूडी या गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात आणि गरज पडली की कपलिंगमार्फत, म्हणजे गरजेपुरत्या आवळणाऱ्या क्लचमार्फत, मागच्या चाकांना जोडून घेतात. पुढचे विवेचन मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराचे आहे, कारण नकळत बिघडण्यात तोच पुढे आहे.

या कपलिंगची रचना गाडीगणिक बदलते. दुसऱ्या पिढीच्या सीआर-व्हीमध्ये (२००१ ते २००६) मागच्या डिफरन्शियलच्या पुढे ऑइलचे दोन पंप असतात. एक पुढून मागे ताकद आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर फिरतो, दुसरा मागच्या चाकांच्या गतीने. दोन्हींची गती सारखी असेपर्यंत एकाने ढकललेले ऑइल दुसरा ओढून घेतो आणि दाब तयारच होत नाही. पुढची चाके घसरली की पहिला पंप जोरात फिरतो, जास्तीच्या ऑइलचा दाब वाढतो आणि क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. ना सेन्सर, ना वायर! डस्टरमध्ये हेच काम विद्युतचुंबकाने चालणारा क्लच करतो आणि डॅशबोर्डवरच्या गोल बटणाने चालकाला दोन चाके, ऑटो किंवा लॉक यांतून निवड करता येते. येतीच्या हॅल्डेक्स कपलिंगमध्ये विजेवर चालणारा छोटा पंप ऑइलचा दाब तयार करतो.

रचना कोणतीही असो, तपासणीची सुरुवात टायरपासून करावी. हे सांगायला साधे वाटते, पण महागड्या कपलिंगचा बळी बऱ्याचदा टायरच घेतात. २१५/६५ आर १६ या मापाच्या नव्या टायरचा घेर सुमारे २,१५५ मिलिमीटर भरतो. त्याची नक्षी पाच मिलिमीटर झिजली की घेर जवळपास ३१ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे नवा टायर किलोमीटरमागे साधारण ४६४ फेरे घेतो, तर झिजलेला ४७१. पुढे नवे आणि मागे जुने टायर असले, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही अॅक्सलमध्ये किलोमीटरमागे सात फेऱ्यांचा फरक पडतो. मुंबई ते पुणे या प्रवासात तो हजाराच्या घरात जातो. कपलिंगला वाटते की चाके घसरत आहेत. ते पुन्हा पुन्हा आवळते, तापते आणि क्लचच्या चकत्या झिजतात. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. ठरावीक अंतराने त्यांची पुढे-मागे अदलाबदल करावी आणि हवा नियमित तपासावी. एक टायर फाटला म्हणून एकच नवा बसवणे, ही इथे खोटी काटकसर ठरते. वेगळ्या मापाची स्टेपनीही फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरतीच वापरावी.

टायरनंतर ऑइल. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणी ऑइल असते: पुढे ताकद मागे वळवणाऱ्या ट्रान्सफर युनिटमध्ये, कपलिंगमध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये. प्रत्येक ठिकाणी ते लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे थोडीशी गळतीसुद्धा महागात पडते. ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही कंपन्या सांगतात. हे आयुष्य कोणाचे, हे मात्र सांगत नाहीत. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीत ऑइल कधी बदलले याची नोंद नसेल, तर ते बदललेलेच नाही असे धरून चालावे.

बदलताना एक पथ्य पाळावे लागते: आधी वरचा, ऑइल भरण्याचा बोल्ट सैल करून बघायचा आणि मगच खालचा काढायचा. जुन्या गाडीत वरचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला असतो. ऑइल काढून टाकले आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी सपाट जागेवर ठेवून भरण्याच्या भोकातून ऑइल बाहेर झिरपू लागेपर्यंत भरायचे, ही सर्वसाधारण पद्धत. काढलेले ऑइल फेकण्याआधी उजेडात नीट बघावे. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर जमला असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा धातूची कपची सापडली तर गिअरच्या दात्याचा किंवा बेअरिंगचा तुकडा पडलेला आहे. ऑइल दुधट दिसले तर आत पाणी शिरले आहे.

पाणी शिरण्याचा मार्ग अनेकांना माहीत नसतो. डिफरन्शियलवर हवेची ये-जा होण्यासाठी छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात घातली की आतली हवा झटकन थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर मातीने बुजला तर उलटे होते. आतला दाब वाढतो आणि सीलमधून ऑइल बाहेर येते. मग सील बदलूनही गळती थांबत नाही.

ऑइल नेमके कोणते, याचे उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्येच शोधावे. सीआर-व्हीच्या दोन पंपांसाठी होंडाचे खास ऑइल लागते. त्यातल्या क्लचला साधे गिअर ऑइल चालत नाही. ते जुने झाले की स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना मागून घुरघुर ऐकू येते, धक्के जाणवतात. बहुतेक वेळा योग्य ऑइल भरून थोडे फिरवले की आवाज बंद होतो. या लक्षणावर थेट डिफरन्शियल बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी ऑइल बदलून बघावे.

आवाजावरून बरेच कळते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी आणि सोडल्यावर बदलणारी कूं-कूं डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनकडे बोट दाखवते. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग संशयित. पूर्ण वळणावर पुढून टक-टक आली तर अॅक्सलचा जॉइंट झिजलेला असतो आणि त्याचा रबरी बूट बहुधा फाटलेला निघतो. गिअर पुढून रिव्हर्सला टाकताना ‘ठक्’ असा आवाज आल्यास प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा माउंटिंग बघावे. ठरावीक वेगालाच गाडीचा तळ थरथरत असेल, तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा रबर सुटलेला असण्याची शक्यता मोठी. ही सगळी तपासणी गाडी लिफ्टवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, शाफ्ट हाताने हलवूनच निम्मी होते.

डॅशबोर्डवर दिवा लागला तरी कपलिंगच गेले असे नाही. विजेवर चालणाऱ्या कपलिंगची यंत्रणा चाकांची गती एबीएसच्या सेन्सरकडून घेते. एका चाकाचा सेन्सर चिखलाने माखला, वायर तुटली किंवा बॅटरी कमकुवत झाली तरी ती स्वतःला बंद करून घेते. बाजारातले स्वस्त ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएस आणि चार चाकांच्या यंत्रणेचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. त्यावर सरळ रस्त्याला चारही चाकांची गती एकत्र पाहिली की चुकीचे आकडे देणारे चाक लगेच सापडते. उलट, हॅल्डेक्सचा पंप बंद पडूनही दिवा लागला नाही, असेही घडते. म्हणून दिवा नाही म्हणजे सारे आलबेल, असे समजू नये.

यंत्रणा चालते की नाही हे पाहायला मोकळी, सपाट, वाळूची किंवा खडीची जागा पुरते. थांबलेल्या गाडीचा अॅक्सिलरेटर झटक्यात दाबताना बाहेर उभ्या माणसाने चाकांकडे बघावे. पुढची चाके खडी उडवत राहिली आणि मागच्यांनी जोरच लावला नाही, तर उत्तर मिळाले. हीच परीक्षा पुढची चाके जॅकवर उचलून कधीही करू नये. मागच्या चाकांनी जोर धरला की गाडी जॅकवरून उडी घेते.

कपलिंग खरोखर जळाले असेल, तर नव्या भागाची किंमत जुन्या गाडीच्या मानाने बोचते. काही जण प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी दोन चाकांवर चालवतात. कपलिंगच्या प्रकारात हे जमते, दिवा मात्र जळत राहतो. मध्ये उघडे डिफरन्शियल असलेल्या गाडीत ते जमत नाही, कारण सगळी ताकद त्या सुट्या टोकालाच निघून जाते. आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर दोन चाके उचलून ओढून नेऊ देऊ नये. चारही चाके जमिनीवरून वर ठेवणारा सपाट ट्रकच मागवावा.