घाम फुटलेलं अंडं

भर पावसाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यावर, हजीऱ्याला, १८ अंशांच्या शीतखोलीतलं अंडं बाहेर काढून हातात धरा. खाडीवरच्या दमट हवेत कवच बघता बघता ओलं होतं. अंड्याला घाम फुटला, की हॅचरी, म्हणजे अंडी उबवण्याचं केंद्र, चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो घाम पुसायचाही नसतो, कारण पुसताना जिवाणू कवचभर पसरतात.

कोंबडीच्या एका अंड्याला साधारण १०,००० छिद्रं असतात. पिल्लाला ती हवीतच. २१ दिवसांत ते त्यांतून सुमारे ६ लिटर प्राणवायू घेतं. जिवाणू जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, छिद्र त्याहून बरंच रुंद. कवच कोरडं असेल तर त्यावरचा पातळ थर त्याला अडवतो. ओल आली की वाट मोकळी.

५७,६०० अंड्यांच्या एका सेटरमध्ये, म्हणजे उबवणी यंत्रात, अशी ५७ कोटी ६० लाख छिद्रं होतात. तीन सेटर लावले, तर भारताच्या लोकसंख्येपेक्षा जास्त.

आणि सेटरच्या आत ऊब असते साडेसदतीस अंशांची. पिल्लाला मानवते तीच ई. कोलाय या जिवाणूलाही मानवते. पोषण मिळालं तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहाला एक असेल, तर या हिशेबानं सकाळी आठला १०७ कोटींच्या वर! अंड्याच्या पांढऱ्यात जिवाणूंना मारणारी द्रव्यं असतात, म्हणूनच बहुतेक पिल्लं वाचतात. निसर्गाची ही तजवीज मला फार मोलाची वाटते.

हजीऱ्याहून निघणारा महामार्ग ५३ नवापूरला जातो. तिथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तो विषाणूचा रोग होता. हॅचरीतलं जिवाणूंचं संकट गाजावाजा न करता येतं.

सगळ्यात जपायचा तो २१वा दिवस. हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात त्या यंत्रात, ती सुकतात, कोवळी लव झडते, पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर उडते आणि प्रत्येक तंतूवर जिवाणू स्वार असतात. त्यात एखादं नासकं अंडं फुटलं, तर शेजारच्या ट्रेमधल्या पिल्लांच्या ओल्या बेंबीपर्यंत घाण पोचते.

हॅचरमधली हवा तपासायची रीत साधी आहे. पोषक जेलची पेट्री डिश दहा मिनिटं उघडी ठेवायची, झाकायची, एक-दोन दिवस उबेत ठेवायची. मग डिश उलटी धरून मागच्या काचेवर पेनानं खुणा करत जिवाणूंच्या वसाहतीचा एकेक ठिपका मोजायचा.