भर उन्हाळ्यात गार पडणारे हात

मे महिन्यात कोलाडच्या आसपास रात्री दहा वाजतासुद्धा अंगाला वारा लागत नाही. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांमुळे या पट्ट्यात उन्हाळी भातही होतं. त्यामुळे ऐन उकाड्यात खळ्यावर पेंढा असतो आणि अंगणाच्या कडेला पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं, गोवऱ्या रचलेल्या असतात. या सगळ्याच्या बुडाशी, कौलांखाली नाहीतर गडग्याच्या फटीत एक बोटभर लांबीचा तांबूस जीव दिवस काढतो आणि अंधार पडला की भक्ष्यासाठी बाहेर येतो. लाल विंचू. त्याची नांगी लागली की काही माणसांचे हातपाय, त्या तसल्या उकाड्यात, गार पडू लागतात. कपाळावरून घाम निथळतोय आणि तळहात मात्र थंडगार!

या गार हातांचा अर्थ लावण्याचं काम मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत झालं नाही, ते याच रायगड जिल्ह्यात झालं. कोलाडहून महामार्गाने दक्षिणेला निघालं की इंदापूर, माणगाव, लोणेरे मागे टाकत आपण महाडला पोचतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपुरात एमबीबीएस झालेले. लाल विंचू चावल्यावर धडधाकट माणसं, आणि त्याहून जास्त लहान मुलं, काही तासांत दगावतात, हे त्यांना इथे दिसलं. मरताना तोंडाला गुलाबी फेस यायचा. म्हणजे फुप्फुसांत पाणी भरलेलं असायचं. पण विंचवाने तर नांगी मारली पायाच्या अंगठ्याला!

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या उशाशी बसले. मला या साऱ्या कथेत सर्वात जास्त थक्क करते ती हीच गोष्ट. विंचू किती वाजता चावला, उलटी कधी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गरम की गार, हे ते पुन्हा पुन्हा तपासत आणि लिहून ठेवत. एक रुग्ण, मग दुसरा, मग शंभरावा. त्या वह्यांमधून एक क्रम वर आला. उलट्या, भरमसाट घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडणारे हातपाय आणि पुरुषांमध्ये, अगदी लहान मुलग्यांमध्येही, आपोआप येणारी शिश्नाची ताठरता. ही चिन्हं दिसली की पुढच्या काही तासांत हृदय आणि फुप्फुसं धोक्यात येणार, अशी पूर्वसूचनाच ती. 1982 साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही चिन्हं ओळखायला कुठलंही महागडं यंत्र नको होतं. ती आईलाही दिसतात, शेजाऱ्यालाही दिसतात.

आता शरीराच्या आत काय चालतं ते पाहू. आपल्या प्रत्येक मज्जातंतूवर सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि ती मिटतात. विंचवाच्या विषातली प्रथिनं या दारांना वेळेवर मिटूच देत नाहीत. मग मज्जातंतू थांबता थांबत नाहीत, संदेशांमागून संदेश सोडत राहतात. आपल्या इच्छेविना चालणारी, म्हणजे घाम, लाळ, नाडी, रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा यात सापडते, आणि ॲड्रेनॅलिन व त्याच्या जातकुळीतली रसायनं रक्तात पुराच्या पाण्यासारखी लोटतात. इस्रायलमधल्या बीरशेबा इथले हृदयरोगतज्ज्ञ मोशे गेरॉन यांनी तिकडच्या वाळवंटी विंचवाच्या रुग्णांमध्ये हृदयावरचे हे परिणाम आधीच अभ्यासले होते. विंचू निराळा, मुलूख निराळा, पण शरीरातला गोंधळ त्याच जातीचा.

या रसायनांच्या लोंढ्याने हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त तिथवर पुरेसं पोचत नाही, म्हणून तळहात गार! पण खरा घाला बसतो तो हृदयावर. आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलताना ते थकतं, पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं आणि त्यातलं पाणी फुप्फुसांत झिरपतं. अंगठ्यापासून फेसापर्यंतची साखळी ती अशी जुळते.

मग उपाय कशावर करायचा? त्या काळी गुंगीच्या औषधांचं मिश्रण, ॲट्रोपिन, स्टिरॉइड असे नाना प्रयोग चालत. ॲट्रोपिनने घाम थांबतो खरा, पण आधीच दौडणारी नाडी आणखी दौडते. बावस्करांचा विचार सरळ होता. वाहिन्या आवळल्या गेल्यात ना? मग त्या सैल करा. ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं वाहिनीवरच्या ज्या ग्राहकांना, म्हणजे अल्फा रिसेप्टरना, चिकटून तिला आवळतात, तेच ग्राहक अडवून धरणारी एक गोळी बाजारात होती. प्राझोसिन. रक्तदाबाच्या रुग्णांसाठीची, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराबद्दलचं त्यांचं लेखन आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या आणि अनेक शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात असायचं, ते 1 टक्क्याच्या आसपास आलं, असं बावस्करांच्या कामाबद्दल नेहमी सांगितलं जातं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोळीबरोबर एक सूचना येते आणि ती पाळायला फार कठीण आहे. प्राझोसिन दिलेल्या मुलाला उचलून घ्यायचं नाही. वाहिन्या सैल झाल्यावर शरीर उभं झालं की रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून मूल आडवंच ठेवायचं. विंचू चावलेलं लेकरू रडतंय, हात पसरतंय, आणि आईने त्याला खांद्यावर न घेता शेजारी बसून नुसता हात धरायचा. आजाऱ्याची काळजी घेणं म्हणजे काय, हे औषधाच्या चिठ्ठीवर पुरतं मावत नाही ते असं. ही गोळी घरच्या घरी देऊ नये, तीही याच कारणाने. मात्रा वजनावर ठरते आणि रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो.

आणखी एक नवल. विषाचा जोर शरीरभर असतो तेव्हा नांगी लागलेल्या जागेची वेदना मागे पडते. रुग्ण सावरू लागला की ती जागा पुन्हा ठणकू लागते. बावस्करांनी या परतलेल्या दुखण्याची नोंद बरं होण्याची खूण म्हणून केली. पहाटे रुग्ण ‘पाय दुखतोय’ म्हणून कळवळला तर घरचे घाबरतात, आणि डॉक्टरांचा मात्र जीव भांड्यात पडतो.

एवढं यश पदरात पडल्यावर कुणीही प्राझोसिनपाशी थांबलं असतं. पण मधल्या काळात मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाच्या विषावरची लसही, म्हणजे प्रतिविष, तयार होऊ लागली होती. आपल्याच नावाशी जोडल्या गेलेल्या औषधाला या दांपत्याने स्वतःच कसोटीला लावलं. महाडच्या रुग्णालयात 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसह लस. 10 तासांनी पाहिलं तर लस मिळालेल्या 35 पैकी 32 जण पूर्ण सावरले होते, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8 जण. लस मिळालेल्यांना बरं व्हायला सरासरी 8 तास लागले, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांना 17.7. हा निष्कर्ष 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शोधापेक्षा दोन्ही उपचार मिळून अधिक चांगले, हे आकड्यानिशी जगाला सांगायला मोठी वैज्ञानिक सचोटी लागते, असं मला मनापासून वाटतं.

2008 सालच्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 12 लाख लोकांना विंचू चावतात आणि 3,000हून अधिक माणसं त्यात जातात. मेक्सिको, ट्युनिशिया, इराण, सगळीकडे हा गरिबांच्या घरातला आजार आहे, कारण विंचू राहतो तो फटींमध्ये. आणि त्याच विषाने विज्ञानाला एक देणगीही दिली. लाल विंचवाच्या विषातून 1990 साली आयबेरिओटॉक्सिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. पेशींवरच्या एका विशिष्ट जातीच्या पोटॅशियमच्या वाटा ते नेमक्या बुजवतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत रक्तवाहिन्या आणि मेंदूच्या अभ्यासासाठी ते वापरतात.

कोलाडच्या घरांत या शोधाचा उपयोग सुरू होतो तो दवाखान्याच्या आधी. पेंढा ओढताना, राबासाठी पालापाचोळा गोळा करताना काठीने आधी हलवून घ्यावं. चप्पल झटकून घालावी, अंथरूण भिंतीपासून दूर टाकावं. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळाला तर अंधारात गडग्यावर फिरवून बघा, विंचू हिरवट-निळा चमकतो. चावलाच, तर जागा कापू-चोखू नका, मंत्र उतरवण्यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. वाटेत रुग्णाचे तळहात हातात घेऊन पाहत राहा. गार पडले, घाम आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्या कधी सुरू झाल्या तेही डॉक्टरांना सांगा. लस किती लवकर द्यायची, प्राझोसिन कधी सुरू करायचं, हे ठरवायला त्यांना सर्वात आधी हीच माहिती लागते, आणि ती रुग्णाबरोबर आलेल्या माणसाकडेच असते.